गाणं लागेपर्यंत वाचायचं

बाई, आधी कोंडाकाकूंचं नाव घेते, मग तुमचं. राग मानू नका. आभार मानताना ज्याचा हात पहिल्यांदा पुढं आला त्याच्यापासून सुरुवात करावी, हे तुम्हीच सांगायचात. त्या दिवशी पहिला हात कोंडाकाकूंचा होता.

तुम्हाला माती देत होते तेव्हा मी परंड्यात नव्हते. समुद्रापलीकडं, ह्या आखाती बेटावरच्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री मारत होते. सुट्टी मागितली होती. मिळाली असती तरी विमान, मग रेल्वे, मग कुर्डुवाडीहून एसटी, एवढं करून मी पोचेपर्यंत तुमच्यावरची माती वाळून गेली असती. म्हणून कोंडाकाकूंना फोन केला. तुमच्या शेजारच्या, मेंढरं राखणाऱ्या. जन्मात कधी चर्चच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. मी म्हणाले, "काकू, मला नुसतं ऐकवा." त्या म्हणाल्या, "नुसतं ऐकवती कशाला? दाखवती की."

दाखवलं ते असं. आधी काकूंच्या लुगड्याचा काठ, मग आभाळ, मग कडुनिंबाची एक फांदी, मग परत आभाळ. तुमची पेटी दिसलीच नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना अर्धी वाऱ्यात गेली. कुणीतरी बाप्या म्हणाला, "मावशे, फोन खाली घ्या की, मातीला आलाव का लग्नाला?" काकू म्हणाल्या, "खाली कशापायी घिऊ? पोरगी बघतीया." मग धप्प असा आवाज आला, आणि काकूंचा गळा, "ही माझी मूठ." परत धप्प. "आन ही इस्तूची."

तो दुसरा आवाज माझा होता, बाई. लाकडावर पडलेली माझ्या नावाची माती मी एवढ्या लांबून ऐकली. हातातली चादर खाली ठेवली, तिची घडी परत उघडली, परत घातली. त्याशिवाय काय करावं सुचलं नाही.

तुमच्याविषयी पाळकसाहेबांनी काय काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, घरोघर वचन सांगणारी बायबल बाई म्हणून किती गावं पायी हिंडलात, ते सगळं सांगितलं असणार. माझ्यापाशी त्यातलं काहीच नाही. माझ्यापाशी तुमचा ओटा आहे.

रविवारची सकाळ पाळकसाहेबांची आणि दुपार तुमची. त्या ओट्यावर पुस्तक एकच, बायबलमधलं अगदी शेवटचं, प्रकटीकरण. योहान नावाचा म्हातारा, राजवटीनं बेटावर टाकलेला, तिथून आपल्या सात मंडळ्यांना, म्हणजे सात गावच्या चर्चना, लिहितो. सात शिक्के, चार घोडे, सात कर्णे, समुद्रातून वर येणारं जनावर. पाळकसाहेब ह्या पुस्तकाला हात लावायला कचरायचे. म्हणायचे, "लोक भितात." तुम्ही म्हणायचात, "भितात म्हणून तर वाचायचं. अंधारात लेकरू रडतंय म्हणून कुणी दार ओढून निघून जातं व्हय?"

ओट्याचा नियमही एकच. भीतीच्या ओळीवर पुस्तक मिटायचं नाही. ह्या पुस्तकात दर थोड्या पानांनी कुणीतरी गायला लागतं, वडीलजन म्हणा, देवदूत म्हणा. ते गाणं लागेपर्यंत वाचायचं. चहा उकळून आटू दे, शेळी सुटू दे, एसटी चुकू दे, गाण्याआधी कुणी उठायचं नाही. काळ्या घोड्याचा भाग आला, हातात तराजू आणि दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू, तेव्हा माझी आई पटकन बोलून गेली, "हे तर आपलं दुष्काळाचं साल की ओ बाई!" सगळे हसले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "व्हय. ह्या घोड्याला आपण वळखतो. आपल्या दारावरनं गेलाय तो. आन तरी आपण इथं बसलोय. पुढं वाच."

मी सातवीत शाळा सोडली होती. चारचौघांत वाचायची पाळी आली की मी पुस्तक शेजारणीकडं सरकवायची. तुम्ही काय केलंत? सोपी ओळ दिली नाही. शेवटी आभाळातून उतरणाऱ्या नगरीच्या पायाचे दगड माझ्या वाट्याला दिलेत. यास्फे, गोमेद, वैडूर्य, पुष्कराज. कानाजवळ येऊन म्हणालात, "हे शब्द पाळकसाहेबांना बी अडतात. तू अडखळलीस तर कुणाला कळायचं न्हाय." मी आठवडाभर पाठ केले. भाकरी थापताना गोमेद, पाणी भरताना वैडूर्य. आई म्हणायची, "पायात एवढे खडे घालतेत व्हय कुणी? आपल्या पायात तर मुरूम बी धड न्हाय." आज मी जे काही लिहू शकते ते त्याच दगडांवर पाय देऊन.

आपली भांडणं किती झाली! पांढऱ्या झग्यांवरून पहिलं. मोठ्या संकटातून आलेल्या लोकांनी आपले झगे कोकराच्या, म्हणजे देवाच्या लेकाच्या, रक्तात धुऊन पांढरे केले, असं आलं आणि मी हात वर केला. "रक्तात धुऊन पांढरं कसं होईल, बाई?" तुम्ही म्हणालात, "चिन्ह हाय ते, एस्तर. चिन्ह धुवायचं नसतं, वाचायचं असतं." मला पटलं नव्हतं. इथं आल्यावर तर अजिबातच पटेना, कारण इथं रक्ताचे डाग रोज येतात. गार पाण्यात घालायचे, गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसला. फोनवर तुम्हाला हे सांगितलं तर खोकला येईपर्यंत हसलात. "बेटावर योहानाला लाँड्रीत लावलं असतं तर त्यानं दुसरं काहीतरी लिवलं असतं बघ."

दुसरं भांडण काळाचं. तुम्ही म्हणायचात, ते जनावर म्हणजे योहानाच्या वेळचं राज्य, लोकांना आपल्यापुढं वाकायला लावणारं. ते पत्र आधी त्या लोकांचं, मग आपलं. मला ते पुरायचं नाही. माझा जीव आधीच उडता. इथं तर कुठं लढाईची बातमी आली, आभाळात जरा घरघर झाली की मला वाटतं पहिला कर्णा वाजला. मी विचारायची, "मग शेवट कधी, बाई?" तुम्ही म्हणायचात, "तारीख सांगणारा आला की त्याला च्या पाज आन वाटंला लाव." "पण मग आपल्याला हे पुस्तक कशाला?" ह्यावर तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर दिलंत. एकदा तर म्हणालात, "मलाच ठाव न्हाय. पण हे वाचून उठलं की पाठ ताठ होती, एवढं खरं." ते भांडण तसंच राहिलंय. मी अजून तुमच्या बाजूला आलेली नाही, हे सांगून ठेवते.

आणि तिसरं, समुद्राचं. शेवटच्या पानांवर नवं आभाळ, नवी जमीन येते आणि लिहिलंय, समुद्र उरला नाही. मी म्हणाले, "हे कसलं बाई? आधीच आपल्याकडं हंडाभर पाण्यासाठी मैल तुडवायचा, आन देवाच्या नगरीत समुद्रच काढून टाकला?" तुम्ही समुद्र कधी बघितला नव्हता, मीही नाही. दोघी बिनसमुद्राच्या बायका समुद्रावरून हमरीतुमरीवर आलो. तुम्ही म्हणालात जनावर तिथूनच वर येतं, म्हणून. मी म्हणाले जनावर मारा, समुद्रानं काय केलंय?

मी निघाले त्या दिवशी तुम्ही परंड्याच्या स्टँडवर आला होतात. आई पदराआड रडत होती. तुम्ही शेंगाची चटणी आणि चार भाकरी दिल्यात आणि खिडकीला हात लावून म्हणालात, "बेटावर चाललीस. योहानाला म्हणालं होतं कुणी, बघशील ते लिही म्हणून. तू बी लिही. शुद्धलेखनाला मी न्हाय भीत." एसटी हलली. म्हणून हे लिहितेय. चुका असतील.

आता आईचं सांगते. हे अर्धं तुम्हाला ठाऊक होतं, अर्धं नाही.

तुमच्या ओट्यावरचं शेवटचं वाचन तेराव्या अध्यायाचं झालं. समुद्रातलं जनावर, मग जमिनीतलं, कोकरासारखी शिंगं आणि बोलणं अजगराचं. मग ती खूण, उजव्या हातावर नाहीतर कपाळावर, जिच्याशिवाय कुणाला घेता येईना की विकता येईना. तिथंच तुम्हाला दम लागला. धावपळ झाली, गाडी आली, तुम्हाला बार्शीच्या दवाखान्यात नेलं. पुस्तक कुणीतरी मिटून कोनाड्यात ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओट्यावरची माणसं जनावरापाशी उठली.

बाकीची घरी जाऊन विसरली. आई तिथंच बसून राहिली. त्यातच कुणीतरी फोनवर व्हिडिओ पाठवला. सुटाबुटातला एक माणूस ओरडून सांगत होता की अंगठ्याचं मशीन हीच ती खूण. ज्यानं मशीनवर अंगठा ठेवला त्याचं नाव जीवनाच्या पुस्तकातून खोडलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शिबिरात तपासून ऑपरेशनचा दिवस मिळालेला. दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर मशीन दिसलं आणि आई पदर सावरून उलट्या पावली घरी आली.

मी फोनवर समजावलं, रागावले. आई म्हणाली, "डोळं गेलं तर हितलं दिसायचं न्हाय. नाव गेलं तर तिथं कोण वळखल मला?" मग हळूच म्हणाली, "इस्तू, रेशनला तर मी कवाच अंगठा दिलाय गं. तो कसा पुसू?" कोंडाकाकूंनी मला सांगितलं, आई रोज चुलीची राख घेऊन अंगठा घासते. कातडं लाल झालंय.

हे तुमच्या कानावर घातलं तेव्हा तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नियम मोडला, एस्तर. माझ्या दम्यानं मोडला. तुझी आई जनावरापाशी अडकलीय, तिला तिथनं पुढं न्यायला पायजे. मी आले की वाचू. न्हायतर…"

"न्हायतर काय, बाई?"

"न्हायतर काय? तुला वाचता येतंय की."

मी म्हणाले, "तुम्हीच या." हो म्हणायचं राहिलं. त्यानंतर तुमचा फोन आला नाही, कोंडाकाकूंचा आला.

तुम्हाला माती दिली त्याच्या पुढच्या रविवारी ओटा रिकामाच असणार होता. मी शनिवारभर स्वतःला सांगत होते, पाळकसाहेब आहेत, शिकलेली माणसं आहेत, तू कोण? आणि दर वेळी तुमचं ते "येतंय की" ऐकू यायचं. शेवटी कोंडाकाकूंना म्हणाले, "काकू, उद्या दुपारी फोन घेऊन आईकडं बसाल का? मला वाचायचंय." काकू म्हणाल्या, "मेंढरं नातवाच्या मागं लावती. येती."

माझी जेवणाची सुट्टी म्हणजे तुमची दुपार. डबा न उघडता लाँड्रीच्या गच्चीवर गेले. समोर समुद्र, वारा सुटलेला, खाली भिंतीवर पाणी आपटत होतं. अध्याय सुरुवातीपासून धरला, कारण मधूनच उचललेलं तुम्हाला चाललं नसतं. जनावर आलं. खूण आली आणि आई म्हणाली, "बास कर इस्तू. मिट ते."

काकू खेकसल्या, "मिट काय मिट! गाणं कुठं लागलंय अजून? एवढी वर्सं कुंपणाच्या पल्याड मेंढरं बांधून ऐकतीया मी, मला नियम ठाव न्हाय व्हय? वाच गं पोरी."

मला हसू आलं, रडूही आलं. कुंपणापलीकडं तुमचं एक माणूस बसत होतं, बाई. तुम्हाला ठाऊक होतं का?

मी तुमच्यासारखं थांबून विचारलं, "आई, जनावर खूण कुणाला लावतं? आधीची ओळ ऐक. जे त्याच्या पाया पडतात त्यांना. दवाखान्यातल्या मशीननं तुला पाया पडायला सांगितलं का?"

"न्हाय."

"काय विचारलं?"

"नाव विचारलं. गाव विचारलं."

"ते ओळख मागतंय. जनावर भक्ती मागतं. दोन्हीला अंगठा लागतो म्हणून दोन्ही एक होत नाहीत."

काकू मध्येच म्हणाल्या, "आगं, त्यो सुटातला फोनमधला, त्याचं बोलणं कुणासारखं वाटतंय तुला? कोकराचं का दुसऱ्या कुणाचं?"

मी पान उलटलं. आईला जिथं नेण्याआधीच तुम्हाला दम लागला ते पान. चौदावा अध्याय तिथून सुरूच होतो, डोंगरावर कोकरू उभं आहे आणि त्याच्याबरोबरच्या माणसांच्या कपाळावर त्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव लिहिलेलं. आणि लगेच गाणं. आभाळातून आवाज आला, पुष्कळ पाण्यांच्या आवाजासारखा.

आईनं विचारलं, "हा आवाज कसला येतोय मगापासनं?"

"समुद्राचा, आई. खाली भिंतीवर आपटतोय."

"असा असतोय व्हय?" ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "इस्तू, त्यांच्या कपाळावर नाव कुणी लिवलं? त्यांनी सोता?"

"नाही. त्यांना दिलेलं आहे."

मग आईचा आवाज आला, जपून, जसं काही हातातलं दिव्याचं तेल सांडेल. "म्हंजी ते बी घासून जायचं न्हाय."

बाई, हे मी शिकवलं नाही, तुम्हीही शिकवलं नव्हतं. राखेनं अंगठा सोलून काढलेल्या बाईलाच ते कळलं. मी गच्चीच्या कट्ट्याला धरून उभी राहिले. समुद्राचं आपलं भांडण तिथंच माझ्यापुरतं मिटलं. योहान बेटावर होता. त्याची माणसं पलीकडं, मधे हे पाणी. कुणी आजारी पडलं, कुणी मेलं, तर तोही माझ्यासारखाच ऐकत बसला असेल. म्हणून त्यानं नव्या जमिनीवरून समुद्र काढून टाकला. आणि आवाज मात्र ठेवला, गाण्यासाठी. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही वाद घातला असतात, चष्मा पुसत. तो वाद मला हवा होता.

पुढचं ऐका, हसाल. काकू आईला घेऊन दवाखान्यात गेल्या. आईनं छाती धरून मशीनवर अंगठा ठेवला आणि मशीननं तो घेतलाच नाही. घासून घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. परत ठेवला, परत नाही. काकू टेबलावरच्या पोराला म्हणाल्या, "बघ, ही मशीनला भीत हुती, आता मशीनच हिला नको म्हणतंय." सगळी रांग हसली. आईसुद्धा. मग पोरानं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायला लावलं आणि ते लागलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पट्टी निघाल्यावर आईला आधी कोंडाकाकू दिसल्या, आणि "लई म्हातारी झालीस गं" असं त्यांनाच म्हणाली म्हणे. दुसरा डोळा थोड्या दिवसांनी.

मला भीती वाटायची थांबलेली नाही. उद्या दुसरा व्हिडिओ येईल, तिसरी तारीख येईल. पण ओटा बंद पडणार नाही. रविवारी जेवणाच्या सुट्टीत मी गच्चीवर उभी असते, फोन तुमच्या ओट्यावर कोनाड्यात ठेवतात. पुढं देवाच्या रागाच्या सात वाट्या आहेत, जळणारी बाबेल नगरी आहे, पुष्कळ धूर आहे. अडखळेन, पण गाणं लागल्याशिवाय कुणाला उठू देणार नाही. शेवटी ते दगड येतील तेव्हा मी कागदात बघणार नाही.

आणि कोंडाकाकू. मी त्यांना विचारलं, काकू, हे मी कसं फेडू? म्हणाल्या, "फेडायचं आसंल तर माझ्या मातीला तू सोता ये. फोन नको. आभाळाकडं तोंड करून मला कुणी दाखवलेलं न्हाय चालायचं."

बाई, तुमच्यासमोर कबूल करते. घाई करू नका म्हणावं त्यांना, अजून लई मेंढरं राखायची आहेत. पण जेव्हा केव्हा ती वेळ येईल तेव्हा हे पाणी ओलांडून मी येईन. कुर्डुवाडीहून एसटी धरीन, उभी राहून येईन. आणि दोन मुठी टाकीन, एक माझी, एक तुमची.